अर्धं मिनिट आणि आयुष्यभराची गोळी

गडचिरोलीत काम केलं म्हटलं की पुण्या-मुंबईकडची माणसं मलेरियाबद्दल विचारतात, सापांबद्दल विचारतात, नक्षलवाद्यांबद्दल तर हमखास विचारतात. लकव्याबद्दल कुणी विचारत नाही. आणि इथल्या खेड्यांत सर्वांत जास्त माणसं मरतात ती लकव्यानं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं हे मोजून दाखवलं आहे. तिथल्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात गडचिरोलीच्या ग्रामीण भागातल्या सुमारे ९४ हजार वस्तीत झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन चौकशी केली. एकूण मृत्यू १,५९९. त्यांतले २२९ लकव्याचे, म्हणजे शंभरात चौदा. दुसरं कोणतंही एक कारण त्याच्या वर नव्हतं. या २२९ पैकी ८७ टक्के माणसं घरीच गेली आणि जवळपास निम्मी पहिल्या महिन्यातच गेली. २०१५ साली 'स्ट्रोक' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

मी तो वाचला तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातली माझी नोकरी संपवून गडचिरोलीच्या बाजूला आले होते. मूल, सिंदेवाहीकडचा भाग मला परिचयाचा होता, धानोरा-एटापल्लीचा नवा होता. आकडे वाचून धक्का बसला नाही. उलट, आपण रोज जे बघतो ते कुणीतरी नीट लिहून ठेवलं याचं समाधान वाटलं. 'अंगावरून वारं गेलं' असं सांगत नातेवाईक यायचे, तोवर चार-पाच दिवस उलटलेले असायचे. आधी पुजाऱ्याकडे जाऊन आलेले, तेलानं चोळून झालेलं, एखाद्याच्या अंगाला कबुतराचं रक्त लावलेलं. मला त्यांचा राग कधी आला नाही. ज्या गावातून दवाखान्यापर्यंत यायला अर्धा दिवस लागतो आणि आल्यावर 'नागपूरला न्या' एवढंच ऐकायला मिळतं, तिथला माणूस आधी जवळच्याकडे जाणारच.

लकव्याशी रक्तातल्या एका पदार्थाचा जवळचा संबंध आहे. त्याचं नाव थ्रॉम्बॉक्सेन ए-२. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीत पाठ केलेलं ते नाव पुढे रोजच्या कामात इतकं उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. आशाताईंच्या आणि सिस्टरांच्या प्रशिक्षणात मी हा विषय घेऊ लागले ते एका आशाताईच्या प्रश्नामुळे. तिनं विचारलं होतं, "मॅडम, छातीत दुखलं तर तुम्ही लगेच अ‍ॅस्पिरिन चावून खायला देता. मंग लकव्यात कायला नाही देत? गाठ तर दोन्हीकडं रक्ताचीच होते ना?" हा प्रश्न मला आजही फार मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर द्यायचं तर प्लेटलेट म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते.

एका घनमिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्यांना केंद्रक नसतं. आठ-दहा दिवस जगतात आणि संपतात. रक्तवाहिनीला आतून कुठे जखम झाली की जवळून जाणाऱ्या प्लेटलेट्स तिथं चिकटतात आणि त्यांच्या पडद्यातलं अ‍ॅराकिडोनिक आम्ल मोकळं होतं. साइक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर त्याचं रूपांतर प्रोस्टाग्लँडिनमध्ये करतं आणि प्लेटलेटमधलं दुसरं विकर त्या प्रोस्टाग्लँडिनपासून थ्रॉम्बॉक्सेन बनवतं. या पदार्थाची दोन कामं. एक, आजूबाजूच्या प्लेटलेट्सना जागं करून जखमेपाशी गोळा करायचं. दोन, तिथली रक्तवाहिनी आवळायची. गावात कुणाच्या घराला आग लागल्यावर पहिली हाक जशी सगळ्या मोहल्ल्याला धावत आणते, तशी ही हाक. आणि ती फार वेळ टिकत नाही. शरीराच्या तापमानाला थ्रॉम्बॉक्सेन ए-२ चं अर्धायुष्य जेमतेम तीस सेकंदांचं. त्यानंतर तो निष्क्रिय होऊन बी-२ बनतो.

इतक्या क्षणजीवी पदार्थाला पकडणं सोपं नव्हतं. १९६९ मध्ये लंडनला पायपर आणि जॉन व्हेन यांना सशाची महाधमनी आवळणारं काहीतरी सापडलं होतं, पण ते हाताला लागायच्या आतच नाहीसं व्हायचं. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत हॅम्बर्ग, स्वेन्सन आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांनी ते ओळखून काढलं. त्याच्या आधी, १९७१ मध्ये, व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवतं हे दाखवलं होतं. १९८२ चं वैद्यकाचं नोबेल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना मिळालं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपुरातून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला त्या नेहमी एकत्र आठवतात. ज्या ज्ञानाला त्या वर्षी जगातला सर्वोच्च मान मिळाला, त्याची अत्यंत स्वस्त गोळी त्याच वर्षी जन्मलेल्या या जिल्ह्यातल्या पाड्यांवर अजून सलग पोहोचत नाही.

अ‍ॅस्पिरिन काय करतं? प्लेटलेटमधल्या साइक्लोऑक्सिजनेजला कायमचं बंद करतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे ती नवं विकर बनवू शकत नाही. म्हणजे एकदा अ‍ॅस्पिरिन लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत थ्रॉम्बॉक्सेन तयार करत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींना मात्र केंद्रक आहे. त्या नवं विकर बनवतात आणि प्रोस्टासायक्लिन तयार करत राहतात. १९७६ मध्ये सापडलेलं हे प्रोस्टासायक्लिन थ्रॉम्बॉक्सेनच्या बरोबर उलट काम करतं, वाहिनी सैल करतं, प्लेटलेट्सना आवरतं. म्हणून फक्त ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी पुरते. आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच ती प्लेटलेट्सना गाठते. पुढे यकृत तिचा बराच भाग मोडून टाकतं. या औषधाइतकी नेमकी आणि स्वस्त गोष्ट माझ्या पेटीत दुसरी नव्हती.

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या धमनीत गाठ. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात कोळसा खाणीतल्या आणि कारखान्यातल्या कामगारांमध्ये असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले. छाती आवळतेय, घाम फुटलाय, ईसीजीत बदल दिसतोय, की पहिलं काम अ‍ॅस्पिरिन चावायला देणं. १९८८ च्या 'आयसिस-२' या प्रयोगात १७ हजारांहून अधिक रुग्ण होते. झटक्यानंतर महिनाभर रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. तिथं गोळी देताना हात थबकत नाही.

लकव्यात थबकतो. मेंदूतला लकवा दोन प्रकारांनी होतो. धमनी गाठीनं बुजते किंवा धमनी फुटून रक्तस्राव होतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडी वळलेली. डोकं दुखलं का, उलटी झाली का, बीपी किती, यावरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. धमनी फुटली असेल तर तिथं थ्रॉम्बॉक्सेन रोग्याच्या बाजूनं लढत असतो. प्लेटलेट्स गोळा करून भोक बुजवायचं काम तो करतोय आणि आपण त्याच वेळी अ‍ॅस्पिरिन देऊन त्याला थांबवायचं, हे चालणार नाही. आपल्याकडे रक्तस्रावाच्या लकव्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे, कारण वर्षानुवर्षं कुणी मोजलेलंच नसलेलं बीपी. मेंदूचं सीटी स्कॅन केल्याशिवाय खात्री होत नाही. आशाताईला मी हेच सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हंजे मशीन नाही म्हणून गोळी नाही." तिनं एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं.

भामरागडहून गडचिरोली शहरापर्यंतचं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. गडचिरोलीहून नागपूरही जवळपास तेवढंच. अशा वेळी मी जे करत आले ते असं. बीपी, साखर, शुद्ध, गिळता येतं का हे पाहायचं, रेफर करायचं, आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं की अ‍ॅस्पिरिन दिलेलं नाही, आधी सीटी करा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांतून, ज्यांत मिळून चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण होते, कळलं की गाठीच्या लकव्यात पहिल्या ४८ तासांत अ‍ॅस्पिरिन सुरू केलं तर हजारामागे सुमारे नऊ जण मृत्यू किंवा नव्या लकव्यापासून वाचतात. हजारात नऊ हा आकडा ऐकायला लहान वाटतो. मला तो लहान वाटत नाही, पण त्यासाठी काही तासांचा उशीर परवडतो. चुकीच्या माणसाला गोळी देणं परवडत नाही.

खरी मोठी लढाई नंतरची. ज्याला एकदा गाठीचा लकवा किंवा हृदयविकार होऊन गेला त्याला दुसरा होण्याची शक्यता अ‍ॅस्पिरिन पाचव्या हिश्शानं, काही अभ्यासांनुसार चौथ्या हिश्शानं कमी करतं. पण रोज घेतलं तर. अस्थिमज्जा रोज साधारण दहा टक्के प्लेटलेट्स नव्या करते. त्या नव्यांना अ‍ॅस्पिरिन लागलेलं नसतं. तीन-चार दिवस गोळी चुकली की एक तृतीयांश प्लेटलेट्स पुन्हा थ्रॉम्बॉक्सेन बनवू लागतात. आठवडाभर चुकली की बहुतेक सगळा फायदा गेला.

धानोऱ्याकडचे एक बाबाजी नागपूरहून सीटी करून, औषधं घेऊन परतले होते. हाताला थोडी ताकद आली होती, बोलणं स्पष्ट झालं होतं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत सगळं घर पहाटेपासून रानात, त्यांची पट्टी संपली ती संपलीच. पुढच्या भेटीत मी विचारलं तर म्हणाले, "आता बरा आहो जी मी. मंग गोळी कायला खाऊ?" मलेरियाची गोळी काही दिवसांची, टीबीची काही महिन्यांची. बरं वाटल्यावर थांबायचं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. 'बरं असताना घ्यायची गोळी' ही कल्पनाच या भागात नवी होती. मी त्यांना सांगितलं, "बाबाजी, तुमच्या रक्तात रोज नवे कण येतात. त्यांना हे औषध माहीत नाही. रोज सांगावं लागते." त्यांच्या सुनेला ते पटलं. पुढे तिनं चूक होऊ दिली नाही. बीपीची गोळी आणि ही गोळी ती एकाच डबीत ठेवायची. हे एवढं जमलं तर लकव्यानंतरचं अर्धं काम झालं, असं मी आजही मानते. आणि बीपीची गोळी आधी, अ‍ॅस्पिरिन नंतर, हा क्रम मी कधी सोडला नाही. वाढलेल्या बीपीवर नुसतं अ‍ॅस्पिरिन देणं म्हणजे फुटू पाहणाऱ्या धमनीला बोलावणं धाडणं.

सलगपणा दोन गोष्टींनी तुटतो. पहिली, दुखणं. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून कंबर मोडते आणि दुकानातून आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. आयबुप्रोफेन त्याच विकराच्या खाचेत तात्पुरतं जाऊन बसतं. ते आधी घेतलं असेल तर अ‍ॅस्पिरिनला जागाच मिळत नाही आणि खाच मोकळी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन रक्तातून संपूनही जातं. २००१ मध्ये हे प्रयोगानं दाखवून झालं आहे. शिवाय दोन्ही मिळून जठराला जखम करतात, कारण जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिनंही याच विकरापासून बनतात. म्हणून मी प्रत्येक अ‍ॅस्पिरिनवाल्या घराला पॅरासिटामॉल सांगत आले. काळी शौच झाली तर गोळी थांबवून लगेच या, हेही.

दुसरी, ताप. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा. फाल्सिपॅरम मलेरियात प्लेटलेट्स झपाट्यानं घसरतात, डेंग्यूतही. अ‍ॅस्पिरिन चालू असलेला माणूस तापानं फणफणत आला आणि प्लेटलेट्स वीस-पंचवीस हजारांवर आलेल्या असल्या तर गोळी थांबवावी लागते. जेवढ्या थोड्या उरल्यात तेवढ्यांना काम करू द्यायला हवं. अशा वेळी हृदयविकारतज्ज्ञाला फोन लावून विचारणं, ताप उतरल्यावर पुन्हा सुरू करायची तारीख लिहून देणं, आणि मुख्य म्हणजे ती तारीख आशाताईच्या वहीत लिहिणं. तारीख रुग्णाच्या कागदावर राहिली तर हरवते, वहीत राहिली तर गोळी पुन्हा सुरू होते. तापात कुणीही मनानं अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, लहान मुलांना तर मुळीच देऊ नये, हे मी आठवडी बाजारातल्या औषध दुकानदारांनाही जाऊन सांगितलं. बहुतेकांनी ऐकलं.

सिकलसेलच्या मुलांचे पालक मला विचारायचे की मग आमच्या लेकराला ही गोळी का नको. प्रश्न चुकीचा नाही. सिकलसेलमध्ये प्लेटलेट्स सतत चेतलेल्या असतात, थ्रॉम्बॉक्सेनही वाढलेला आढळतो. पण तिथं अ‍ॅस्पिरिननं वेदनेचे झटके थांबतात असं सिद्ध झालेलं नाही. तिथलं औषध हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी आणि वेळेवर तपासणी.

जिथं अ‍ॅस्पिरिननं मला सर्वांत जास्त आशा दिली ती जागा लकवा नव्हे, गरोदरपण. आधीच्या खेपेला बीपी वाढून, झटके येऊन बाळ गमावलेल्या बायका इथं कमी नाहीत. अशा गरोदरपणात वारेत थ्रॉम्बॉक्सेनचं पारडं जड होतं, प्रोस्टासायक्लिनचं हलकं. वारेच्या वाहिन्या आवळतात, बाळाला रक्त कमी पडतं, आईचं बीपी चढतं. हाच प्री-एक्लॅम्पशिया. जोखमीच्या बाईला कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन लवकर सुरू केलं तर हे टाळता येतं. २०१७ च्या एका मोठ्या युरोपीय प्रयोगात सोळाव्या आठवड्याआधी रोज रात्री १५० मिलिग्रॅम सुरू केल्यावर मुदतीआधीच्या प्री-एक्लॅम्पशियाचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. अडचण त्या 'आधी' या शब्दात आहे. नोंदणीच पाचव्या महिन्यात झाली तर वार बसून गेलेली असते. म्हणून आशाताईंना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. जिची मागची खेप बिघडली होती, तिची पाळी चुकली की त्याच आठवड्यात मला कळवा. एटापल्लीकडच्या एका तरुण बाईची नोंद अशी तिसऱ्या महिन्यातच झाली. आधीची दोन्ही बाळं गेलेली. या वेळी गोळी, बीपीची तपासणी, शेवटी काही दिवस दवाखान्याजवळच्या 'माहेरघर' या गरोदर बायकांच्या निवाऱ्यात मुक्काम. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. एका गोळीनंच झालं असं मी म्हणणार नाही. पण गोळी नसती तर मला तितकी शांत झोप लागली नसती.

याउलट शहरात. चंद्रपुरात निवृत्त झालेली, धडधाकट माणसं 'रक्त पातळ राहावं' म्हणून मनानं रोज अ‍ॅस्पिरिन घेतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या एकोणीस हजारांहून अधिक निरोगी वृद्धांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ज्याला आजार झालेला नाही त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नये. ज्याला गरज नाही त्याच्या कपाटात ती पडून आहे आणि ज्याला आहे त्याच्या पाड्यावर ती संपलेली आहे, हे मला सहन होत नाही.

जवसाचं काय, असंही लोक विचारतात. आपल्याकडे जवस भरपूर, चटणी रोजची. ग्रीनलंडच्या मासेखाऊ एस्किमोंमध्ये हृदयविकार कमी का, यावर १९७०च्या दशकात डेन्मार्कच्या संशोधकांनी काम केलं. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ आम्ल प्लेटलेटमध्ये गेलं तर थ्रॉम्बॉक्सेनचा दुबळा भाऊ तयार होतो, हे पुढे कळलं. जवसातलं ओमेगा-३ वेगळं आहे, शरीर त्यातलं फार थोडं माशातल्या प्रकारात बदलतं. चटणी खावी, चांगलीच आहे. ती गोळीच्या जागी धरू नये.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. त्या तालुक्यातली कितीतरी गावं महिनोन्‌महिने रस्त्याबाहेर असतात. शासन हे ओळखून आहे. अशा गावांना पावसाळ्यापूर्वीच पुढच्या महिन्यांचं धान्य पोहोचवलं जातं. माझी मागणी एवढीच आहे की त्या धान्याच्या ट्रकबरोबर त्या त्या गावातल्या लकवा, हृदयविकार आणि बीपीच्या रुग्णांच्या गोळ्याही जाव्यात, नाव लिहिलेल्या पाकिटांत, चार महिन्यांच्या. यादी आशाताईंकडे आहे. आणि ज्यांचे आईवडील अशा गावांत आहेत आणि जे स्वतः नागपूर-पुण्यात नोकरीला आहेत, त्यांनी मे महिन्यात घरी फोन करून डबीत किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजायला सांगावं.